साडेतेरा हजार किलोमीटर आणि खंबाटकीचा घाट

अमेरिकेहून कुणी आलं की आमच्या साताऱ्याच्या मंगळवार पेठेत पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘किती तास लागले?’ किती किलोमीटर, हे कुणी विचारत नाही. पुण्याला जायचं तरी आपण ‘अडीच तास’ म्हणतो. महाबळेश्वरचं विचारलं तर ‘दीड-दोन तास, पण सीझन असला तर सांगता येत नाही’. माणसं अंतर वेळेतच सांगतात, आणि मला ते अगदी बरोबर वाटतं. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवल्यामुळे किलोमीटर, अक्षांश, रेखांश हे सगळं माझ्या रोजच्या बोलण्यातलं. पण धाकटा भाऊ सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहायला गेला आणि किलोमीटर आणि तास यांचा हिशेब पुस्तकातल्या उदाहरणासारखा सुटत नाही, हे घरातच दिसायला लागलं.

आधी किलोमीटरचं बघू. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को हे अंतर पृथ्वीच्या पाठीवरून सर्वांत जवळच्या वाटेने मोजलं तर सुमारे १३,५०० किलोमीटर भरतं. पृथ्वीचा घेर साधारण ४०,००० किलोमीटरचा, म्हणजे कुठलीही दोन गावं एकमेकांपासून फार तर २०,००० किलोमीटर दूर असू शकतात. त्याहून लांब जायला या पृथ्वीवर जागाच नाही. त्या हिशेबाने भाऊ आमच्यापासून जितकं दूर जाता येईल त्याच्या दोन तृतीयांश अंतरावर राहतो. तो गेला तेव्हा आईला मी हे असं सांगितलं होतं. तिने विचारलं, ‘म्हणजे अजून लांब कुणाची मुलं आहेत?’ दक्षिण अमेरिकेतली आहेत, म्हटलं. तिला त्यांच्या आयांचं वाईट वाटलं.

वर्गात मी विचारायचे, ‘इथून अमेरिका कुठल्या दिशेला?’ सगळे हात यवतेश्वराकडे जायचे. साताऱ्यात पश्चिम म्हणजे यवतेश्वर, पुढे कास, मग सह्याद्रीचा कडा, कोकण, समुद्र, समुद्रापलीकडे आफ्रिका, आणि अटलांटिक ओलांडला की अमेरिका. भिंतीवरच्या नकाशात तसंच दिसतं. मग मी पृथ्वीगोल टेबलावर घ्यायचे. एका मुलीने दोऱ्याचं टोक साताऱ्याच्या जागी धरायचं, दुसरीने सॅन फ्रान्सिस्कोवर. दोरा ढिला असेल तर कसाही पडतो, पण दोघींनी ताणला की तो गोलावरून घसरत घसरत एका जागी जाऊन बसतो. ती सर्वांत जवळची वाट, भूगोलात जिला बृहद्वृत्ताचा भाग म्हणतात. आणि ती यवतेश्वराकडे जातच नाही. अजिंक्यताऱ्याकडे पाठ करायची, उत्तरेला तोंड करायचं आणि किंचित उजवीकडे वळायचं. समोर लडाख, पुढे चीनचा शिनजियांग, मग सायबेरिया, ७५ अंशांच्याही वर आर्क्टिक महासागर, तिथून पलीकडच्या बाजूने उतरत अलास्का आणि पॅसिफिकच्या कडेकडेने सॅन फ्रान्सिस्को. मुली दोरा सोडून पुन्हा पुन्हा ताणून बघायच्या. दर वेळी तो तिथेच जाऊन बसायचा.

भिंतीवरच्या नकाशाचा यात दोष नाही. गोल पृथ्वी सपाट कागदावर आणायची तर कुठेतरी ताणावी लागतेच. १५६९ मध्ये गेरार्डस मर्केटरने जो नकाशा काढला तो खलाशांसाठी होता. होकायंत्राची एकच दिशा धरून जाणारी वाट त्यावर सरळ रेघेत दिसते, आणि भर समुद्रात त्याचं मोल फार मोठं होतं. त्या सोयीपायी ध्रुवांजवळचे प्रदेश त्यात फुगतात. ग्रीनलंड आफ्रिकेएवढं वाटतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदा पट आहे. विमानातल्या पडद्यावर आपली वाट कमानीसारखी वाकलेली दिसते, आणि शेजारचा प्रवासी हमखास म्हणतो, एवढा वळसा कशाला? वळसा नसतो तो. तो ताणलेला दोरा असतो.

पण खरी विमानंही दोऱ्यावरून जात नाहीत, आणि त्याची कारणं मला दोऱ्याइतकीच महत्त्वाची वाटतात.

पहिलं कारण डोंगर. विमान अकरा-बारा किलोमीटर उंचीवरून जातं, एव्हरेस्टसुद्धा त्याच्या खाली राहतं, मग डोंगराचा अडथळा कसला? अडथळा संकटाच्या वेळी येतो. केबिनमधला हवेचा दाब अचानक कमी झाला तर वैमानिकाला लगेच साधारण १०,००० फुटांपर्यंत खाली यावं लागतं, म्हणजे माणसांना बाहेरच्या हवेत श्वास घेता येतो. तिबेटच्या पठारावर जमीनच त्याहून उंच आहे. खाली यायचं कुठे? म्हणून लांबच्या पल्ल्याची बहुतेक विमानं हिमालय आणि तिबेट शक्यतो टाळून, कडेने जातात.

दुसरं कारण माणसांची भांडणं. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं आणि युरोप-अमेरिकेच्या विमानांना रशियाचं आकाश बंद झालं. भारतीय विमानं त्यावरून जात राहिली. ६ जून २०२३ ला दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं एअर इंडियाचं विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेकडच्या मगदान शहरात उतरलं. दोनशेहून जास्त माणसं कुठल्याशा अनोळखी गावात, भाषा येत नाही, आणि त्यांना न्यायला दुसरं विमान येईपर्यंत वाट पाहायची. त्या दिवशी मगदान नकाशात शोधलं, ते दोऱ्याच्या रेषेच्या बरंच दक्षिणेला आहे, पण आमचा दोराही रशियावरूनच जातो हे माझ्या लक्षात आलं. वर्गात दोरा ताणताना त्या टापूवर खाली कोण राहतं, ते उतरू देतील का, असा विचार आम्ही कधी केला नव्हता. पुढे एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. अमेरिकेहून परतणाऱ्या काही थेट विमानांना व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला इंधनासाठी उतरावं लागलं. दोन शहरं जिथल्या तिथे होती, एक किलोमीटरसुद्धा हललं नव्हतं. त्यांच्यातलं अंतर मात्र काही तासांनी वाढलं.

तिसरं कारण वारा. हे माझं सगळ्यांत आवडतं.

एअर इंडियाने डिसेंबर २०१५ मध्ये दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को थेट विमान सुरू केलं. तेव्हा ते पश्चिमेकडून, अटलांटिकवरून जायचं. वाट सुमारे १३,९०० किलोमीटरची. ऑक्टोबर २०१६ मध्ये तेच विमान पूर्वेकडून, पॅसिफिकवरून न्यायचं ठरलं. ही वाट सुमारे १५,३०० किलोमीटरची, म्हणजे आधीपेक्षा १,४०० किलोमीटर जास्त. मुंबईहून दिल्लीला विमानाने जाऊन वर आणखी थोडं पुढे जावं एवढा हा फरक आहे. आणि विमान साडेचौदा तासांत पोहोचलं, आधीपेक्षा जवळजवळ दोन तास लवकर! पेपरात ही बातमी वाचली तेव्हा मी ती कापून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी वर्गात नेली. वाट लांबली आणि वेळ घटला. ‘बाई, छापताना चुकलं असेल,’ एक मुलगी म्हणाली.

चुकलं नव्हतं. साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वाऱ्याचे प्रचंड पट्टे आहेत, त्यांना जेट प्रवाह म्हणतात. विषुववृत्ताकडची गरम हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा यांच्यातल्या तफावतीमुळे ते तयार होतात आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेकडे वळतात. हिवाळ्यात तफावत वाढते, तसा त्यांचा जोरही वाढतो. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर हे नेहमीचं, कधी कधी तीनशेच्याही वर. विमान स्वतः ताशी नऊशेच्या आसपास जातं, तेही हवेच्या तुलनेत. हवाच दोनशेने पुढे धावत असेल तर जमिनीच्या हिशेबाने ते अकराशेने जातं. समोरून आली तर सातशेने. ८ फेब्रुवारी २०२० च्या रात्री अटलांटिकवर वादळ होतं, आणि न्यूयॉर्कहून निघालेलं एक जंबो जेट लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. एरवी त्याच प्रवासाला साडेसहा-सात तास लागतात आणि उलट बाजूने त्याहून जास्त. जाणं आणि येणं सारखं नसतं, हे घाटात राहणाऱ्या माणसाला वेगळं सांगायला नको.

या वाऱ्यांचा पहिला नीट अभ्यास वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने केला. १९२० च्या दशकात तो फुगे आकाशात सोडून दुर्बिणीने त्यांचा माग काढायचा आणि त्यावरून वरच्या वाऱ्याचा वेग मोजायचा. आपलं काम जगाला वाचता यावं म्हणून त्याने १९२६ मध्ये ते एस्पेरांतो भाषेत छापलं. साऱ्या जगाला एक सामाईक भाषा मिळावी म्हणून घडवलेली ती भाषा, पण ती जाणणारे थोडे. बाहेरच्या जगाने ते काम फारसं वाचलंच नाही. १९४४ मध्ये अमेरिकेची बी-२९ विमानं जपानवर उंचावरून गेली तेव्हा वैमानिकांना त्या वाऱ्याने चकवलं. ओइशीने तो जवळजवळ वीस वर्षं आधी मोजून ठेवला होता. त्याच्याविषयी शिकवताना माझा आवाज नेहमी थोडा चढायचा. इतकं महत्त्वाचं काम, इतक्या मोठ्या मनाने सगळ्यांसाठी लिहिलेलं, आणि ते न वाचता पडून राहिलं.

याच धड्याला दर वर्षी एक मुलगी तरी विचारायची, ‘बाई, पृथ्वी फिरतेच आहे, तर विमान वर जाऊन नुसतं थांबलं तर अमेरिका आपोआप खाली येणार नाही का?’ हा प्रश्न मला भूगोलातला सर्वांत चांगला प्रश्न वाटतो. साताऱ्याच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,५९० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे धावते. प्रश्न अगदी बिनतोड वाटतो. पण जमिनीबरोबर हवाही तितक्याच वेगाने फिरते, आणि विमान त्या हवेत असतं. राजवाड्यावरून उडालेलं कबूतर पुन्हा राजवाड्यावरच येऊन बसतं, ते याचमुळे. हे कळल्यावर मुलींच्या चेहऱ्यावर थोडी निराशा यायची. अमेरिका फुकट खाली येणार नव्हती.

साताऱ्याच्या माणसाला जवळची वाट आणि खरी वाट यांचा फरक एरवीही रोज दिसतो. कृष्णा महाबळेश्वरला उगवते. तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत ६४ किलोमीटरच्या आसपास. पण सह्याद्रीचा कडा पश्चिमेला आणि पठाराचा उतार पूर्वेला, त्यामुळे ती वाईवरून, माहुलीवरून, कराड-सांगलीवरून, कर्नाटक-तेलंगण-आंध्र ओलांडत सुमारे १,४०० किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला मिळते. पाण्याने उताराचं ऐकलं, विमान वाऱ्याचं आणि सरहद्दींचं ऐकतं. सरळ रेघ दोघांच्याही उपयोगाची नाही.

आता तासांकडे येते. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को थेट विमान सुरू झालं तेव्हा आम्हाला फार आनंद झाला. सोळा तासांच्या आसपासचा प्रवास. तोपर्यंत भाऊ कधी दुबईवरून यायचा, कधी फ्रँकफर्टवरून. दुबईमार्गे वाट सुमारे १५,००० किलोमीटर होते, फ्रँकफर्टमार्गे त्याहून थोडी जास्त, आणि मधल्या विमानतळावरचा थांबा धरून बावीस ते सव्वीस तास. थेट विमानाने दिवसाचा मोठा तुकडा वाचत होता.

पण सोळा तास हे मुंबई ते सॅन फ्रान्सिस्कोचे. माणूस मुंबईत राहत नसतो आणि विमानतळावर तर कुणीच राहत नाही. साताऱ्याहून मुंबईचं विमानतळ अडीचशे किलोमीटरच्या वर आहे. आनेवाडीचा टोल, खंबाटकीचा बोगदा, शिरवळ, खेड-शिवापूर, कात्रजचा बोगदा, पुण्याचा बाह्यवळण रस्ता आणि तिथली गर्दी, द्रुतगती मार्ग, खंडाळ्याचा घाट, पनवेल, वाशीचा पूल. नशीब असेल तर पाच तास, नसेल तर सात. लागून सुट्ट्या आल्या आणि घाटात ट्रक बंद पडला तर मोजणं सोडून द्यावं. म्हणून घरून निघताना दोन तास हाताशी जास्तीचे ठेवायचे. तिथे विमानाच्या तीन-चार तास आधी पोहोचायचं. पलीकडे उतरल्यावर इमिग्रेशनची रांग, सामान, मग भावाच्या घरापर्यंत गाडी. घराच्या उंबऱ्यापासून घराच्या उंबऱ्यापर्यंत हिशेब केला तर थेट विमान असूनही तीस तासांच्या घरात जातो. १३,५०० किलोमीटरला सोळा तास, आणि दोन्ही टोकांच्या तीनशे किलोमीटरला जवळजवळ तितकेच.

हे कळल्यापासून मी ‘थेट विमान’ या गोष्टीला फार भुलत नाही. मुंबईला रात्री दोनला उतरणारं विमान आणि सकाळी सातला उतरणारं विमान यांत तिकिटावर फरक दिसतो तो किमतीचा. साताऱ्याच्या माणसासाठी खरा फरक असा की पहिल्यात ड्रायव्हर रात्रभर जागा असतो आणि खंबाटकी पहाटेच्या झोपेच्या वेळेला येतो. नवी मुंबईच्या विमानतळाचं ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालं आणि डिसेंबरात तिथून विमानं उडू लागली. ते पनवेलजवळ, म्हणजे साताऱ्याहून जाताना मुंबईची गर्दी लागायच्या आधीच. लांबच्या पल्ल्याची विमानं तिथून जशी वाढत जातील तसं सातारा, कराड, सांगली, कोल्हापूर या सगळ्या पट्ट्यासाठी अमेरिका थोडी जवळ येईल. त्यासाठी आकाशातल्या वाटेत काहीही बदल व्हायला नको.

आणि तासांचं आणखी एक प्रकरण आहे, घड्याळाचं. भावाचं घड्याळ आमच्यापेक्षा उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात साडेतेरा तास मागे असतं. दिवसरात्र पूर्ण उलटी. शरीर साधारण दिवसाला एक तास या गतीने नव्या वेळेशी जुळवून घेतं असं म्हणतात. आई तिकडे पहिल्यांदा गेली तेव्हा तिला रात्री दोनला जाग यायची आणि ती स्वयंपाकघरात जाऊन चहा करायची. साताऱ्यात तेव्हा दुपारच्या चहाची वेळ झालेली असायची. ती म्हणायची, माझी झोप अजून विमानात आहे.

आई गेली ती उन्हाळ्यात, पहाटे चारच्या सुमाराला. भावाकडे आदल्या दिवसाची दुपार होती, तो ऑफिसात होता. फोनवर दोघंही काही वेळ बोललो नाही. मग त्याने विचारलं, ‘ताई, मी किती वाजेपर्यंत पोहोचेन?’ एरवी हा प्रश्न मी त्याला विचारायचे. त्याने लगेच तिकिटं बघायला सुरुवात केली आणि मी इकडे कागद घेऊन बसले. संध्याकाळचं विमान मिळालं तर फ्रँकफर्टमार्गे दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबई, सामान नसेल तर लवकर बाहेर, मग रस्ता. दुपारी तीन-चार, सगळं सुरळीत झालं तर.

‘थांबायचं का?’ हा प्रश्न आता आपल्याकडे घरोघरी येतो. ज्या घरातलं एक माणूस परदेशात आहे त्या प्रत्येक घरात कधी ना कधी तो विचारला जातो, आणि त्याचं उत्तर विमानाच्या वेळापत्रकावरून काढावं लागतं. बर्फाची पेटी मिळते, लोक थांबतातही. आमचे थोरले मामा बाहेर ओट्यावर बसले होते. ते म्हणाले, ‘उन्हाचे दिवस आहेत. तिला उद्या दुपारपर्यंत तसं ठेवायचं?’ त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, बहिणीची काळजी होती. मी भावाला ते तसंच सांगितलं. तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ‘थांबू नका. माझ्यासाठी तिला थांबवू नका. मी सावडायला पोहोचतो.’

दुपारी संगम माहुलीला सगळं झालं. भाऊ तेव्हा विमानात होता. त्या विमानात फोन लागत नव्हता, त्यामुळे कधी झालं हे त्याला फ्रँकफर्टला उतरल्यावर कळलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो घरी आला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सावडायला आम्ही दोघं बरोबर गेलो. काही दिवसांनी तो माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, ‘ताई, त्या वेळी मी नेमका कुठे असेन?’ मी कपाटावरचा पृथ्वीगोल काढला. विमान किती वाजता सुटलं, किती वेळ झाला होता, वेग किती, असं सगळं मांडून बोट टेकवलं. ग्रीनलंड आणि आइसलंडच्या मधे कुठेतरी. त्याने त्या जागेवर आपलं बोट ठेवलं. भूगोल शिकून माझ्या हातून जी काही कामं झाली त्यात हे काम मला मोलाचं वाटतं. त्याला जागा हवी होती आणि मला ती काढून देता आली.

आमचे आजोबा गेले त्या वेळेला हाच प्रश्न मुंबईचा होता. थोरले काका गिरणीत होते. गावातून तार गेली, ती चाळीत पोहोचली, कुणीतरी त्यांना पाळीवरून बोलावून आणलं, मग रात्रीची गाडी. ते आले तेव्हा अंगणातली माणसं पांगलेली होती. तेव्हा कुणी थांबायचं का असं विचारलंही नाही, कारण ते कधी पोहोचतील हे कळायलाच मार्ग नव्हता. त्या घटनेतले तास मोजले तर त्या काळचा परळ आणि आजचं सॅन फ्रान्सिस्को साताऱ्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर येतात. त्याहून मागे गेलं तर मुंबईहून लंडनला बोटीने दोन-तीन आठवडे लागायचे. ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलं आणि आठवड्यांचा हिशेब एकदम तासांवर आला. त्याआधी १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा एका छोट्या पस मॉथ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपालाच्या थैल्या घेऊन उतरले होते. त्या पहिल्या विमानाने माणसं आणली नाहीत, पत्रं आणली. मला ते योग्य वाटतं. लांबच्या माणसाची खबर आधी यावी लागते.

खबर आता क्षणात येते. पोहोचायला मात्र दीड दिवस लागतो, आणि या दोन्हींच्या मधे जो वेळ उरतो तो पूर्वी नव्हता. काकांना वडील गेल्याचं कळलं आणि जवळजवळ लगेच ते निघाले, वाटेत होते, पोहोचले. भावाला मात्र आई गेल्याच्या मिनिटाला कळलं आणि नंतरचे जवळजवळ छत्तीस तास त्याने ते ठाऊक असताना काढले, त्यातले बरेचसे अनोळखी माणसांच्या शेजारी पट्टा बांधून. विमानं आणखी वेगाने जातील अशी आशा मी फारशी धरत नाही. गेल्या साठ वर्षांत प्रवासी विमानांचा वेग जवळजवळ तोच आहे. ताशी हजाराच्या आसपास हवेचा विरोध एकदम वाढतो, इंधन परवडत नाही. कॉन्कॉर्ड ध्वनीच्या दुप्पट वेगाने जायचं, पण २००३ मध्ये ते थांबलं. म्हणजे भाऊ आणि मी, आम्हा दोघांच्या उरलेल्या आयुष्यात हे अंतर साधारण एवढंच राहणार आहे. ते धरूनच घरातल्या गोष्टी ठरवाव्या लागतात. कुणाची तब्येत बिघडली तर त्याला कधी कळवायचं, किती आधी, हे आम्ही आता स्पष्ट बोलतो. ‘उगाच काळजीत टाकायला नको’ म्हणून लपवायचं नाही, हे मी त्याला कबूल केलं आहे, कारण लपवलेला एक दिवस हा त्याच्या प्रवासातूनच कापला जातो.

उलट बाजूचा प्रवास याहून लांब आहे, ते सहसा कुणी धरत नाही. मला भावाकडे जायचं तर आधी व्हिसा हवा. २०२२ मध्ये मुंबईत अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाच्या मुलाखतीसाठी पाचशेहून अधिक दिवस थांबावं लागत होतं. आमच्या ओळखीतली एक बाई लेकीच्या बाळंतपणाला जायची म्हणून तारीख बघत होती. तारीख आली तोवर नातू चालायला लागला होता. साताऱ्याची पहिलटकरीण माहेरी येते ही रीत, आणि ती येऊ शकत नसेल तर आईने तिकडे जायचं. त्या बाईसाठी त्या काळात अमेरिका १३,५०० किलोमीटरवर नव्हती, सोळा तासांवरही नव्हती. ती दीड वर्षावर होती. अंतर मोजताना हे दीड वर्ष बाजूला काढलं तर मोजणीच खोटी होते, असं मला मनापासून वाटतं.

भाऊ या दिवाळीला येतो आहे. तिकीट काढायच्या आधी आम्ही फोनवर सगळ्या वाटा मांडून बघितल्या. त्यात सगळ्यांत कमी तासांचं एक विमान होतं, ते मध्यरात्री उतरणारं. त्याने ते सोडलं आणि पाच तास जास्तीचं, दुबईमार्गे येणारं घेतलं. ते सकाळी उतरतं. म्हणजे खंबाटकी उजेडी लागेल आणि दुपारच्या जेवणाला तो घरी असेल. मी त्याला सांगितलं आहे, शिरवळ सोडलंस की फोन कर, मी भाकऱ्या टाकायला घेते.